सी लावलेली नावं

१

वाशीमला सरकीच्या गोदामावर एक लांबट खोली होती. तिथं मी पंच कार्डं पाडायचो. आता पंच कार्ड म्हणजे काय, हे मला लग्नात सासऱ्यालाही समजावून सांगावं लागलं होतं, तेव्हा तुम्हालाही सांगतो. पोस्टकार्डापेक्षा लांब, जाडसर कागद. त्यावर ऐंशी रकाने. मशीनवर अक्षर दाबलं की त्या रकान्यात बारीक चौकोनी भोकं पडतात आणि पडलेले तुकडे खालच्या डब्यात जमा होतात. त्या तुकड्यांना आम्ही टिकल्या म्हणायचो. भोकांची ही भाषा मुंबईचा कॉम्प्युटर वाचतो असं सांगत. मी कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. पाहायची इच्छाही नव्हती, मला माझं मशीन पुरे होतं.

काम आरोग्य पाहणीचं. गावोगावचे फॉर्म यायचे. घरात माणसं किती, वर्षात जन्मली किती, गेली किती. मी ते कार्डांवर उतरवायचो आणि दर सोमवारी शिक्का मारलेला खोका एसटीनं अकोल्याला जायचा, तिथून मुंबईला. चार वर्षांत माझं एकही कार्ड चुकीचं म्हणून परत आलं नव्हतं. आमचे साहेब माणिकराव मूळचे कारंजा लाडचे, कोरं कार्ड वाया गेलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ते मला पाहुण्यांपुढं उभं करून म्हणत, "हा आमचा गौतम. याले चूक कशी करतेत तेच माईत नाई."

तिसरा हेमला. पांगरी तांड्यावरचा, चाळिशीचा, दंडानं बैल अडवील असा गडी. खोके उचलणं, माठ भरणं, चहा सांगणं ही कामं त्याची. आम्हा तिघांचं छान जमायचं. सत्त्याहत्तर सालचा तो फाल्गुन होता, खिडकीतून सरकीचा तेलकट वास यायचा आणि मी अगदी मजेत होतो.

२

मजेत होतो, पण पोटात एक खडा होता, तो सांगायलाच हवा. लिलाबाई, म्हणजे माझी बायको, नववा संपत आलेली. आधीची आमची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. तिसऱ्याबद्दल घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

बाळंतपणासाठी माझी माय किन्हीराजाहून आली होती. भागिरथा तिचं नाव. पंचक्रोशीतली सुईण. आमच्या वस्तीतलीच नाही, तांड्यावरची लेकरंही तिच्याच हातची. अक्षरओळख शून्य, रेशनच्या कार्डावर अंगठा. आल्या दिवसापासून तिनं उंबऱ्यात बैठक मारली. दारातच बसायचं, अडकित्त्यानं सुपारी कातरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची.

"आत्याबाई, थोड्या अंदर सरका न," लिलाबाई म्हणायची. "मले पाणी न्याचं हाय."

"ओलांडून जाय. मी नाई उठत."

माय मला गौतम म्हणत नसे. माझ्या आधीची तिची तीन गेली, म्हणून मी जन्मल्याबरोबर तिनं मला गावाच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. कचऱ्याला कोण हात लावतं? आलेलं मरण नाक मुरडून पुढं जातं, असा हा हिशेब. आमच्याकडं अशा नावांची माणसं गल्लोगल्ली सापडतील. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली आणि बापानं, गोविंदानं, शाळेत माझं नाव गौतम लावलं. उकंडा कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त मायच्या तोंडात.

आता ती नातवंडाचंही तसंच नाव ठेवायचं म्हणत होती आणि लिलाबाई ठाम होती.

"माह्यं लेकरू मी उकंड्यावर नाई ठेवू देणार. कचरा होय का ते? पोरगी झाली त सुजाता."

"आन् गेली त?" माय सरळ म्हणाली.

लिलाबाई रडत आत गेली. मला मायचा राग आला आणि बायकोचं म्हणणं शंभर टक्के पटलं. तरी त्या दिवशी मी जेवलो नाही, हेही खरं.

३

दुसऱ्याच दिवशी मुंबईहून एक खोका आला. सोबत चिठ्ठी होती. पाहणीच्या प्रोग्रामची कार्डं झिजली आहेत, आमच्याकडची मशीनं मोकळी नाहीत, तुमच्याकडं हात चांगला आहे असं ऐकतो, तरी जशीच्या तशी नवी पाडून पाठवा.

प्रोग्राम म्हणजे मशीननं काय करायचं त्याचा हुकूम. तीनशे बारा कार्डं. वरची छपाई पुसून गेली होती, म्हणून मी एकेक कार्ड खिडकीच्या उजेडाला धरून भोकं वाचायचो आणि पाडायचो. सगळं आकडेमोडीचं, आम्हाला न कळणारं. सत्तराव्या कार्डाच्या पुढं मात्र एक वेगळं आलं. पहिल्या रकान्यात इंग्रजी सी, आणि पुढं अक्षरं इंग्रजी पण नाव आपलं. केरू. त्यानंतर धोंडी. त्यानंतर दगडाबाई.

मी माणिकरावांना दाखवलं. ते खूश झाले, कारण हे त्यांना माहीत होतं.

"पयल्या रकान्यात सी असला की मशीन ते कार्ड वाचत नाई. सोडून पुढं जाते. लिवणाऱ्याची गंमत असते ते. कोणी आपलं नाव टाकते, कोणी पोराचं. सुतार नाई का पलंगाखाली नाव कोरून ठेवत?"

"पण साहेब, मुंबईचा माणूस केरू आन् धोंडी कायले लिवीन?"

"असीन कोणी आपल्याच भागातला. वाचत नाई त पाडू नको, कार्डं वाचव."

"जशीच्या तशी लिवलं हाय न."

त्यांनी नाइलाजानं मान डोलावली. मी पुढचं कार्ड उजेडाला धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "भिका, पांगरी तांडा."

माठ भरणारा हेमला थांबला.

"काय म्हनलं साहेब?"

"भिका. हाय का तुमच्या तांड्यावर कोणी?"

"मीच." तो हसत हसत जवळ आला. "माह्या याडीचे चार लेकरं गेले. मंग मले सुपात घालून भिकेत देल्ला आन् वापस मांगून घेतला. भिका म्हने मले. ती मेली, तवापासून त्या नावानं कोणी हाक नाई मारली." याडी म्हणजे त्यांच्यात आई. त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि भोकांतून माझ्याकडं पाहिलं. "हे कोनाले माईत असनार?"

माणिकराव म्हणाले, भिका काय एकटाच असतो का. ते बरोबरच होतं.

४

दुसऱ्या दिवशी हेमला आला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. माठ रिकामा. दुपारी तांड्यावरून निरोप आला की अंगात ताप भरलाय, कोणाला ओळखत नाही.

मी मुद्दाम कालच्या त्या कार्डाचा विचार करत नव्हतो. फाल्गुनात ताप येतात. उन्हं तापतात, पाणी तळाला जातं, निम्मं गाव कण्हतं. मी आदल्या दिवशीची नवी कार्डं तपासायला घेतली. रोजचीच सवय, जुनं कार्ड आणि नवं कार्ड एकावर एक ठेवून उजेडाला धरायचं. चूक नसेल तर उजेड सगळ्या भोकांतून सरळ आरपार येतो.

एका कार्डाच्या पहिल्या रकान्यातून उजेड आला नाही.

भिकाचं कार्ड. सी पाडायच्या जागी माझ्या बोटानं रकाना कोरा सोडायची पट्टी दाबली होती. हेमला समोर उभा होता, बोलत होतो, चुकलं असेल. सी नाही. नाव उघडं.

मी ते फाडलं आणि नवीन पाडलं. सी आधी, मग नाव. दोनदा तपासलं. मग खुर्चीत बसून स्वतःलाच विचारलं की बाबा रे, हे कार्ड मुंबईला गेलेलं नाही, कुठल्या मशीनमध्ये घातलेलं नाही, रात्रभर या लोखंडी कपाटात होतं. वाचणार कोण?

खालच्या गोदामात हमाल सरकीची पोती टाकत होते. धप्प, धप्प. एवढाच आवाज.

पाच वाजता हेमला जिना चढून आला. डोळे खोल गेलेले, पण चालत आला. "दोपारी तीनले एकदम उतरला न साहेब. पानी मांगतलं, भाकर खाल्ली. घरात बसून काय करू?" मी कार्ड पुन्हा पाडलं तेव्हा घड्याळात पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

५

सी लावलेली अकरा नावं होती. दहावं फकिरा. अकरावं मी उजेडाला धरलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, माणिकराव पेपर वाचत होते आणि रस्त्यावर कुल्फीवाला घंटी वाजवत होता. उकंडा, किन्हीराजा.

मी घाबरलो. साधा, स्वच्छ घाबरलो. ते नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

त्याच्या पुढं आणखी एक कार्ड. पहिल्या रकान्यात सी आणि पुढं काही नाही. एकोणऐंशी रकाने कोरे. कोणासाठी तरी जागा धरून ठेवलेली. माझ्या डोक्यात लिलाबाईचं पोट आलं आणि मी ते कार्ड टेबलावर पालथं घातलं. मग जशीच्या तशी म्हणून नवंही तसंच पाडलं. सी, आणि कोरं.

राहिलं होतं गड्डीतलं सगळ्यात पहिलं कार्ड. ते चहा सांडून चिकटलं होतं, म्हणून मी शेवटी ठेवलं होतं. माणिकराव म्हणाले होते, पहिल्या कार्डावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते मशीनला वाचावंच लागतं, त्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. मी कार्ड ओल्या फडक्यानं सोडवलं, काचेला लावलं आणि एकेक अक्षर जुळवलं. सी नव्हता. पहिल्याच रकान्यापासून नाव होतं.

भागिरथा.

मी साहेबांना काही सांगितलं नाही. पोटात दुखतंय म्हणून घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. टक. टक. टक, खट. दिवसभर माझ्या बोटांखाली असतो तो आवाज, अक्षरामागं अक्षर आणि ओळ संपली की खट. मी थांबून कान दिला.

वळणावरून पाहिलं तर माय उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. अडकित्त्याचाच आवाज. मला हसू आलं, मोठ्यानं आलं, शेजारीण पाहायला लागली. रोज चार वर्षं मशीन ऐकलं की माणसाला सगळीकडं तेच ऐकू येणार.

"जल्दी आला?" माय म्हणाली.

"पोट दुखते."

"ओवा खाय."

मी तिला ओलांडून आत जाताना खाली पाहिलं. मांडीवरच्या फडक्यात सुपारीचं खांड होतं, भुगा होता. आणि त्या भुग्यात तीनचार बारीक चौकोनी तुकडे होते. पिवळसर, जाड कागदाचे. मायनं फडकं गोळा करून मुठीत धरलं.

"कायले एवढा पाहून राह्यला?"

कपड्यांना चिकटून टिकल्या घरी येतात. माझ्या सदऱ्याच्या खिशात नेहमीच असतात. मी ओवा खाल्ला.

६

सोमवारी खोका जायचा होता. रविवारी मी एकटाच ऑफिसात गेलो आणि जन्मात न केलेली गोष्ट केली. मायच्या नावाचं कार्ड नव्यानं पाडलं, आणि नाव एक घर पुढं सरकवून पहिल्या रकान्यात सी घातला. जाणूनबुजून. मशीन सुरू होवो न होवो. अकरा जणांना झाकायचं आणि तिनं एकटीनं उघडं राहायचं, हे मला सहन होईना. माझा या गोष्टीवर विश्वास नव्हता, आणि तरी मी सी घातला. दोन्ही खरं आहे.

सोमवारी सकाळी हेमलानं खोक्याला लाख लावली, शिक्का मारला आणि एसटीच्या टपावर चढवला. मी बस सुटेपर्यंत उभा होतो.

बुधवारी दुपारी लिलाबाईला पोरगी झाली. मायच्याच हातावर. रडेना. माय तिला पाठीवर चापट्या मारत होती, पायाला धरून उलटी करत होती, मी बाहेर भिंतीला डोकं लावून उभा. किती वेळ गेला माहीत नाही. मग रडली, आणि अशी रडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मीही रडलो.

माय बाळ घेऊन बाहेर आली तेव्हा आतून लिलाबाई ओरडली, "आत्याबाई, उकंड्यावर नेसान त याद राखा!"

"नाई नेत व माय." मायनं बाळ माझ्या हातात दिलं. "सुजाताच ठेवा. चांगल्या नावाचं बी भागते आता."

"आता म्हंजे?" मी विचारलं.

ती हात धुवायला निघून गेली.

पंधरा दिवसांनी खोका परत आला. वर मुंबईची तांबड्या शाईतली चिठ्ठी, की पहिलं कार्ड चुकीचं आहे, मशीन सुरू होत नाही, दुरुस्त करून पाठवा, बाकी उत्तम. माणिकरावांचा चेहरा उतरला. "चार वर्सात पयली," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी.

मी खोका खिडकीशी नेला. पहिलं कार्ड उजेडाला धरलं. माझा सी दिसेना. पहिल्या रकान्यातली भोकं कोणीतरी बुजवली होती. एकेका भोकात बरोब्बर बसणारी टिकली, आणि कडेनं पांढुरकं काही वाळलेलं. नखानं खरवडलं, जिभेला लावलं. ज्वारीच्या पिठाची खळ. बुजवलेल्यातली एक टिकली निसटायला आली होती, मुंबईच्या मशीनला नेमकं तेच खटकलं असावं.

मग कोरं कार्ड शोधलं. उकंडाच्या पुढचं. ते कोरं नव्हतं. सी, आणि सी नंतर सुजाता. भोकं आमच्या मशीनपेक्षा जराशी तिरकी होती, हातानं कातरल्यासारखी. बाळ बुधवारी झालं. खोका सोमवारी लाख लावून गेला होता.

मी ते मायच्या नावाचं कार्ड खिशात घालून घरी गेलो. भर दुपार. पोरगी पाळण्यात, लिलाबाई तिच्या गालाला काजळ लावत होती. माय उंबऱ्यात. मी तिच्या शेजारी बसलो आणि कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उलटं धरलं होतं, अक्षर न येणारा माणूस धरतो तसं. पण अंगठा बरोबर पहिल्या रकान्यावर गेला आणि निसटलेली टिकली तिनं हलकेच दाबून बसवली.

"माय, तुह्यं नाव काहून उघडं ठेवतं? मी झाकलं होतं न."

ती रागावली नाही. सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं आणि एक आपल्या तोंडात टाकलं.

"सगळेच झाकून कसं भागीन, उकंड्या? मरन आल्यावर दारात कोणी तं पाह्यजे न बाप्पा, घरात कोणी नाई असं सांगाले."

आतून लिलाबाईनं विचारलं, "कोणाशी बोलून राह्यले हो?"

"मायशी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं कार्ड पुन्हा पाडलं. जसंच्या तसं, सी शिवाय. चूक नव्हती. हेमलानं लाख लावली, खोका गेला, आणि मुंबईहून नंतर काही तक्रार आली नाही.

सुजाता आता दोन वर्षांची आहे. चालते, पडते, ताटं आपटते, मायचा अडकित्ता पळवते. कोणी तिला नाव विचारलं की आधी "शी" म्हणते आणि मग सुजाता म्हणते. लिलाबाई हसते, म्हणते, पोरीची जीभ अजून जड आहे. माय परत गेली नाही, आमच्याकडंच राहिली. अजून उंबऱ्यातच बसते, आणि आम्ही सगळे तिला ओलांडून आत जातो.